नेपल्सच्या भुयारांच्या भेटीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : इटली सहलीतील नेपल्सच्या भुयारी भेटीबाबत दिलेली अपुरी व चुकीची माहिती आणि परताव्याची मागणी.

महोदय,

आपल्या कंपनीच्या इटली सहलीत मी, माझी पत्नी आणि माझे वडील सहभागी झालो होतो. मुक्काम, जेवण आणि बसप्रवास यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती नेपल्सच्या जुन्या शहराखालील भुयारांच्या भेटीविषयी, आणि इतर कंपन्यांच्या सहली सोडून आपली सहल आम्ही निवडली ती या भेटीमुळेच.

आपल्या माहितीपत्रकात या भेटीचे वर्णन ‘निवांत फेरफटका’ असे केले आहे. प्रत्यक्षात ही भुयारे जमिनीखाली सुमारे 40 मीटर खोल असून तेथे शंभरहून अधिक पायऱ्या उतरून जावे लागते, आणि पाण्याच्या जुन्या टाक्यांना जोडणाऱ्या काही वाटा तर अंग तिरके केल्याशिवाय पार होत नाहीत. वडिलांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्याची नोंद आम्ही आरक्षणाच्या अर्जातच केली होती. तरीही ही माहिती आम्हाला प्रवेशद्वारापाशी, तीही तेथील कर्मचाऱ्याकडून मिळाली. परिणामी वडील आणि त्यांच्या सोबतीसाठी माझी पत्नी असे दोघेही वरच्या गल्लीत ताटकळत राहिले. त्यांच्या बसण्याची सोय करावी असे आपल्या टूर मॅनेजरना सुचले नाही.

खाली उतरलेल्यांच्या पदरीही फारसे काही पडले नाही, कारण इंग्रजी फेरी उपलब्ध असताना आमचे आरक्षण इटालियन फेरीचे केलेले होते. ग्रीकांनी शहर बांधण्यासाठी येथून पिवळा टफ दगड काढला, रोमन काळात या पोकळ्या पाणीपुरवठ्याच्या जाळ्यात आल्या आणि 1884 च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर ते पाणी बंद झाले, एवढे मी घरूनच वाचून गेलो होतो. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून बचावासाठी लोकांनी जेथे आसरा घेतला, त्या दालनात गाईड बराच वेळ तळमळीने बोलत होत्या आणि इटालियन मंडळी स्तब्ध होऊन ऐकत होती. त्याचा आशय विचारल्यावर आपल्या टूर मॅनेजरनी ‘युद्धात लोक इथे लपायचे’ एवढेच सांगितले. यात त्या गाईडचा काडीचाही दोष नाही.

आणखी एक बाब. माहितीपत्रकात या भेटीशेजारी धुळीने माखलेल्या जुन्या मोटारींचे छायाचित्र छापले आहे. त्या मोटारी बोर्बोन भुयारात आहेत. ते भुयार राजा फर्डिनांड दुसरा याने 1853 मध्ये खोदायला घेतले होते; त्याचे प्रवेशद्वार आणि तिकीट दोन्ही वेगळे आहेत. आमच्या गटातील काही जण शेवटपर्यंत मोटारी कधी येणार असे विचारत होते. ज्या ठिकाणी आपण नेणारच नाही, त्याचे छायाचित्र छापणे ही नजरचूक मानावी, असे मला वाटत नाही.

म्हणून वडील व पत्नी यांच्या या भेटीचे पूर्ण शुल्क आणि माझे निम्मे शुल्क परत करावे, इटालियन फेरीचे आरक्षण का केले याचा लेखी खुलासा करावा, आणि पायऱ्या, खोली व अरुंद वाटा यांची स्पष्ट सूचना माहितीपत्रकात छापावी, अशी माझी मागणी आहे. हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला,
(सही)

सोबत : आरक्षण अर्जाची प्रत, पैसे भरल्याची पावती, माहितीपत्रकाचे संबंधित पान.