मॉनिटरच्या स्टँडबद्दलही कधीतरी छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणारे, पॉडकास्ट एडिट करणारे, मिक्सिंग (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवणं) शिकणारे आता खूप लोक झालेत, आणि मायक्रोफोन, हेडफोन, मॉनिटर स्पीकर (मिक्सिंग करताना आवाज नीट पारखायला वापरतात ते, पुढे नुसतं मॉनिटर म्हणतो) यांच्यावर पेपरात अधूनमधून वाचायलाही मिळतं, पण ते मॉनिटर ठेवायचे कशावर यावर मात्र जवळजवळ काहीच येत नाही. मॉनिटर कुठला घ्यायचा यावर लोक महिनोन्महिने खल करतात, त्यातला वूफर (खालचा आवाज देणारा मोठा स्पीकर) पाच इंची की आठ इंची, ह्या कंपनीचा की त्या, आणि मग तेच मॉनिटर कम्प्युटरच्या टेबलावर स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना कोंबून ठेवतात, नाहीतर फोटोत जो स्टँड बरा दिसला तो मागवून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की स्टँड आपल्या कानाच्या उंचीवरून आणि मॉनिटरच्या वजनावरून घ्यायचा, दिसण्यावरून नाही, आणि हे दोन्ही आकडे घरातच मिळतात, एक टेप लावून आणि दुसरा मॅन्युअल उघडून.

आधी उंचीचं बघू. आपण ज्या खुर्चीवर बसून काम करतो त्याच खुर्चीवर, रोज जसे बसतो तसेच बसायचं (माप घेताना माणूस आपोआप ताठ होतो, तसं करू नका) आणि जमिनीपासून कानाच्या भोकापर्यंत माप दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगायचं. बहुतेक मोठ्या माणसांचं ते ११० ते १२० सेंटीमीटरच्या आसपास येतं. मग मॉनिटरच्या तळापासून ट्वीटरच्या (वरच्या पट्टीचा आवाज देणारा छोटा स्पीकर) मधोमध किती अंतर आहे ते मोजायचं आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. समजा कान ११५ वर आहे आणि ट्वीटर तळापासून २० वर, तर स्टँड ९५ सेंटीमीटरचा हवा, आणि मॉनिटरखाली तीन सेंटीमीटरचं पॅड घालणार असाल तर ९२ चा. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये ट्वीटर आणि वूफरच्या मधला एक बिंदू देतात आणि तो कानासमोर ठेवा म्हणतात, तसं दिलं असेल तर कंपनीचंच ऐकावं. इतकं साधं गणित आहे, पण ते न केल्यामुळे काय होतं तर सोफ्यावर बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी बनवलेले ६० सेंटीमीटरचे, म्हणजे २४ इंची स्टँड लोक स्टुडिओसाठी घेऊन येतात, आणि मग ट्वीटर छातीशी बोलत बसतो. वरच्या पट्टीतला आवाज एका दिशेनेच जास्त जातो, कान त्या दिशेतून खाली किंवा वर सरकला की चमक कमी ऐकू येते, आपण मिक्समध्ये ट्रेबल वाढवतो आणि तेच गाणं दुसरीकडे वाजवलं की कानाला टोचतं. शिवाय ट्वीटर आणि वूफर जिथे एकमेकांकडे काम सोपवतात त्या भागात तर कान उभ्या दिशेने थोडा हलला तरी आवाज बदलतो, म्हणूनच उभे बनवलेले मॉनिटर जागा नाही म्हणून आडवे झोपवू नयेत, तसं केलं की हाच त्रास डावीकडे उजवीकडे डोकं हलवताना व्हायला लागतो.

उंची बदलणारा स्टँड घ्यायचा की ठरावीक उंचीचा, हे मला बरेच जण विचारतात. खुर्ची रोज वरखाली होत असेल, घरात दोन जण वेगवेगळे बसत असतील, तर बदलणारा घ्या, पण त्यात भोकातून आरपार पिन जाते असाच बघा. नुसता स्क्रू आवळून पकडणारा असेल तर जड मॉनिटरखाली तो हळूहळू खाली घसरू शकतो आणि दोन स्टँडमध्ये सेंटीमीटर दोन सेंटीमीटरचा फरक कधी पडला ते कळतही नाही. एकच माणूस एकाच खुर्चीवर बसणार असेल तर ठरावीक उंचीचा जाड खांबाचा स्टँड केव्हाही चांगला, त्यात खुळखुळायला काही नसतं.

आता टेबलाचं. टेबलावर ठेवलेल्या मॉनिटरचा आवाज सरळ तर येतोच, पण टेबलाच्या फळीवर आपटूनही येतो. कान आणि ट्वीटर दोन्ही फळीपासून ४० सेंटीमीटर वर आहेत आणि दोघांत एक मीटर अंतर आहे असं धरलं तर आपटून येणाऱ्या आवाजाला २८ सेंटीमीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे तो साधारण ०.८ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि त्यामुळे ६१० हर्ट्झच्या जवळपास आणि पुन्हा १८४० च्या जवळपास आवाजात खड्डे पडतात, म्हणजे तेवढे सूर दबतात. माणसाच्या आवाजातला बराचसा अर्थ ह्याच भागात असतो हो! हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. हातातला छोटा आरसा टेबलावर आडवा ठेवा, आपल्या जागी बसा, आणि कुणाला तरी तो आरसा हळूहळू सरकवायला सांगा, ज्या जागी आरशात ट्वीटर दिसतो तिथूनच आवाज आपटून कानात येतोय. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विकणारे ती सांगत नाहीत: मॉनिटर जमिनीवरच्या स्टँडवर टेबलाच्या मागे नेले म्हणजे हे रिफ्लेक्शन आपोआप जातं असं नाही, टेबल खोल असेल तर आरशात ट्वीटर तरीही दिसतोच. फायदा असा की मॉनिटर टेबलावरून उतरले की मोठं टेबल लागतच नाही, अरुंद टेबलावर भागतं, आणि स्टँड पुढेमागे, आतबाहेर हवे तसे हलवता येतात, जे टेबलावर शक्यच नसतं. दुसरा फायदा थरथरीचा. बेसचा लांब सूर वाजत असताना टेबलावर तळहात ठेवून बघा, फळी हाताखाली गुणगुणत असते, पेनस्टँड नाहीतर एखादा मग बारीक वाजत असतो, आणि ते सगळं आपण मिक्समधलं समजून ऐकत असतो.

आणि हो, टेबलावरून स्टँडवर गेलात तर मॉनिटरच्या मागचे स्विच आठवणीने बघा. टेबलामुळे खालचा मधला भाग फुगतो म्हणून काही मॉनिटरांना १६० हर्ट्झच्या आसपास ४ डेसिबल कमी करणारा स्विच दिलेला असतो, तो तसाच राहिला तर नव्या जागी आवाज पोकळ वाटतो आणि लोक स्टँडला नावं ठेवतात.

भिंतीपासून किती लांब, हे पण स्टँड घ्यायच्या आधीच ठरवावं, कारण त्यावर स्टँडच्या खालच्या प्लेटला जागा किती मिळणार ते ठरतं. मॉनिटरचा बेस मागेही जातो, भिंतीवरून परत येतो आणि समोरच्या आवाजाला एका ठिकाणी खाऊन टाकतो. मॉनिटरच्या पुढच्या बाजूपासून मागची भिंत एक मीटरवर असेल तर हा खड्डा ८६ हर्ट्झला, ६० सेंटीमीटरवर असेल तर १४३ ला, ४० वर असेल तर २१४ ला पडतो. बेस गिटार आणि डग्गा कुठे राहतात ते आठवा म्हणजे ह्या आकड्यांचा अर्थ लागेल. लहान खोलीत एक मीटर सोडून मॉनिटर खोलीच्या मध्ये आणण्यापेक्षा ते भिंतीजवळ नेणं माझ्या मते बरं, खड्डा वर सरकतो आणि तिथे भिंतीवर जाड शोषक पॅनल लावून त्याला आवरता येतं, ८६ हर्ट्झला आवरायचं तर फार जाड पॅनल लागतं. जवळ नेल्यावर बेस फुगतो तो मागच्या स्विचने कमी करता येतो, पण पडलेला खड्डा इक्वलायझरने (ठरावीक सूर कमीजास्त करणारं साधन) भरून निघत नाही, जितकं वाढवाल तितकंच परत खाल्लं जातं. दोन मॉनिटर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण तर सगळ्यांना माहितीच असतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती स्टँड पडण्याची, आणि त्यावर कुणी बोलतच नाही. पाच इंची मॉनिटर साधारण पाच किलोचा असतो, आठ इंची दहा किलोपर्यंत जातो, आणि हे वजन आपण छातीएवढ्या उंचीवर एका खांबावर ठेवतो. चार किलोचा स्टँड, त्यावर पाच किलोचा मॉनिटर, खालची प्लेट २६ सेंटीमीटर रुंद आणि मॉनिटरचा मध्य १०५ सेंटीमीटरवर असं धरून गणित केलं तर मॉनिटरला बाजूने जेमतेम १.१ किलोच्या जोराने ढकललं की स्टँड कलायला लागतो. १.१ किलो म्हणजे काहीच नाही, वायर पायात अडकली तरी तेवढा झटका बसतो, मूल धरून उभं राहिलं तर विचारूच नका. त्याच खांबात १० किलो वाळू भरली तर हाच आकडा २.४ वर जातो, आणि वाळूसोबत प्लेटही ३६ सेंटीमीटरची असेल तर ३.३ वर. म्हणून बारीक खांब आणि नाजूक प्लेट असलेला स्टँड कितीही देखणा असला तरी मी कुणाला घ्या म्हणून सांगणार नाही. वायर खांबाला खालपर्यंत बांधून घ्या आणि तळाशी थोडी ढिली सोडा, म्हणजे ओढली गेली तरी झटका वर न बसता तळाला बसेल.

वाळूचं म्हणाल तर ती पूर्ण कोरडी हवी, ओल राहिली तर लोखंड आतून गंजतं. दहा सेंटीमीटर व्यासाच्या आणि ८० सेंटीमीटर उंच खांबात साधारण सहा लिटर मावते, म्हणजे दहा किलोच्या आसपास. ती प्लॅस्टिकच्या लांब पिशवीत भरून आत सोडली तर जोडातून गळत नाही आणि घर बदलताना काढताही येते. काही जण शिशाचे छर्रे भरा म्हणतात, ते अजिबात करू नका, शिसं विषारी आहे आणि घरात त्याची पूड नको. भरायच्या आधी रिकाम्या खांबावर बोटाच्या पेराने टकटक करून ऐका, टण्ण करून आवाज लांबत राहतो, आणि भरल्यावर तोच खांब नुसता ठक् म्हणून गप्प होतो. दुकानात प्रत्यक्ष बघून घेणार असाल तर ही टकटक तिथेच करावी, माहितीपत्रकापेक्षा ती खरं सांगते.

स्पाइक (स्टँडच्या तळाची टोकदार पावलं) आणि पॅड यावर लोक इतकं भांडतात की मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. स्पाइकचं काम स्टँड घट्ट टेकवणं, गालिचा असेल तर त्यातून खाली जाऊन कडक जमीन पकडणं, म्हणजे स्टँड डुलत नाही. स्पाइकने थरथर तुटत नाही. फरशीवर किंवा लाकडी जमिनीवर स्पाइकखाली धातूच्या छोट्या चकत्या ठेवाव्यात, नाहीतर ओरखडे पडतात. चार स्पाइक असतील तर ते फिरवून चारही टेकतायत ना ते बघा, स्पिरिट लेव्हल टॉप प्लेटवर ठेवून एकदाच नीट करून घ्या. जमीन लाकडी फळ्यांची आणि पोकळ असेल तर मात्र स्पाइकपेक्षा रबरी पॅड कामाचं, कारण तिथे जमीन स्वतःच वाजते. खाली काँक्रीटचा स्लॅब असेल तर पॅडमुळे फरक अगदी थोडा पडतो, आणि पॅड घातल्यावर आवाज खूप सुधारला असं जे वाटतं त्यात बऱ्याचदा मॉनिटर तीन सेंटीमीटर वर गेला किंवा थोडा कलला याचाच वाटा मोठा असतो. मॉनिटर टॉप प्लेटवरून सरकू नये म्हणून पातळ रबर किंवा चिकट पुट्टीचे चार गोळे पुरतात. टॉप प्लेट मॉनिटरच्या तळापेक्षा फार लहान नसावी एवढं बघा.

तीन पायांचे स्टँड कार्यक्रमातल्या मोठ्या स्पीकरसाठी असतात, त्यांचा ३५ मिलिमीटरचा दांडा स्पीकरच्या तळाच्या खोबणीत बसतो आणि घरच्या मॉनिटरला सहसा ती खोबणीच नसते, शिवाय पाय पसरून जागा खातात ते वेगळंच. काही छोट्या मॉनिटरांच्या तळाला मायक्रोफोन स्टँडला चालणारा ३/८ इंची आटा असतो, तिथे मजबूत मायक्रोफोन स्टँडवर काम भागतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. स्टँड विकणाऱ्यांच्या माहितीत उंची लिहिलेली असते पण ती स्पाइकसकट की स्पाइकशिवाय ते नसतं, 'क्षमता १० किलो' असतं पण एका स्टँडची की जोडीची ते नसतं, खालच्या प्लेटची रुंदी आणि स्टँडचं स्वतःचं वजन तर बहुतेक ठिकाणी गायबच. मी एका विक्रेत्याला हेच विचारलं तर उत्तर आलं की रंग काळा आहे आणि सगळ्या मॉनिटरला चालतो. बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर दहा किलो ठेवणाऱ्या वस्तूबद्दल हे उत्तर चालणार नाही. आपल्या पेपरात जेव्हा कधी मॉनिटरचं परीक्षण छापून येईल तेव्हा तळापासून ट्वीटरची उंची आणि मॉनिटरचं वजन हे दोन आकडे द्यावेत, आणि स्टँडबद्दल काही छापलं तर स्पाइकशिवायची उंची, खालच्या प्लेटची लांबी-रुंदी, रिकाम्या स्टँडचं वजन आणि एका स्टँडची क्षमता हे चार द्यावेत. छापायला चार ओळी लागतील, आणि वाचकांनी विचारायला सुरुवात केली की कंपन्यांनाही खोक्यावर लिहावं लागेल.

आपला,
एक नियमित वाचक