बिझनेस क्लासचे तिकीट आणि थांब्याचे गणित

महोदय,
मुंबईहून दुबईमार्गे न्यूयॉर्कला पहिल्यांदाच बिझनेस क्लासने जाणारे लोक आडव्या होणाऱ्या सीटची चौकशी करतात, थांब्याची नाही. घोळ तिथेच होतो. थांबा २४ तासांपेक्षा जास्त असेल तर तो 'स्टॉपओव्हर' धरला जातो आणि बॅगा बहुधा दुबईतच हाती येतात. म्हणून चेक-इनला टॅगवर शेवटचे विमानतळ कोणते छापले आहे ते वाचावे. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर बॅग आपोआप पुढे जाईल असे धरू नये. पहिले विमान चुकले की दुसऱ्या तिकिटाची जबाबदारीही कोणी घेत नाही.

जैन किंवा शाकाहारी जेवण किमान २४ तास आधी नोंदवावे, आणि दोन्ही टप्प्यांसाठी नोंदले गेले का ते पाहावे. लोणचे, तूप हे सुरक्षा तपासणीत द्रवातच मोडते. १०० मिलीवरची बरणी चेक-इन बॅगेत. (महाग तिकीट दाखवून ती सुटत नाही!) पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत ठेवायची. एमिरेट्सच्या विमानात १ ऑक्टोबर २०२५ पासून ती वापरताही येत नाही. फोन सीटजवळच्या सॉकेटवर चार्ज करावा.

– एक वाचक, ठाणे