साठीनंतरचा मेंदू आणि आईची सही

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला मेंदू तरुण ठेवण्याचा लेख वाचला. बदाम, शब्दकोडी, मोबाइलवरचे खेळ, सगळं त्यात आलं. पण साठीनंतर मेंदू नवं काही घेत नाही, आहे ते सांभाळायचं एवढंच हातात उरतं, हे वाक्य तुम्ही कसं छापलंत? हेच आमच्या आईला बँकेत ऐकवलं गेलं आहे.

आई शाळेची पायरी कधी चढली नव्हती. सत्तरीला आल्यावर गावातल्या साक्षरता वर्गाला बसू लागली. रानातून यायची, भाकरी थापायची आणि पाटी घेऊन निघायची. जोडाक्षरांनी तिला फार छळलं. तरी एसटीची पाटी वाचू लागली, बचत गटाच्या वहीत स्वतःचं नाव लिहू लागली. मग पैसे काढायला बँकेत गेलो, तेव्हा तिनं स्लिपवर सही केली. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता स्टॅम्प पॅड पुढे सरकवलं. "आजी, खात्याला अंगठा आहे, अंगठाच द्या." सही रेकॉर्डशी जुळावी लागते हे मलाही कळतं. म्हणून म्हटलं, नमुना सही बदलून घ्या. तर साहेब नाहीत, फॉर्म संपलेत, नंतर या. वर, "या वयात सही शिकून काय करायचंय?" आई काही बोलली नाही. अंगठा दिला आणि बोट पदराला पुसलं. त्यानंतर किती दिवस तिनं वही उघडली नाही.

लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर लोकांना, त्यात बहुतेक बायकाच, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. डोळ्यांनी टिपलेलं पुढे पोचवणारे थॅलॅमससारखे खोलवरचे भाग आणि दृष्टीचं केंद्र यांचा ताळमेळ वाढला होता. त्या बायका तिशीच्या आसपासच्या होत्या, मान्य. पण अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातले जे आठवड्यातून तीनदा भरभर चालले, त्यांचा स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे दोन टक्के वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा आकसला. मग साठीनंतर फक्त सांभाळायचं, हे कुठून आलं? आणि ज्या मोबाइलच्या खेळांची तुम्ही भलामण केलीत, त्यातल्या ल्युमॉसिटीला असल्याच दाव्यांच्या फसव्या जाहिरातींपायी २०१६ साली अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले आहेत.

लेखात एक गोष्ट आलीच नाही. जर्मनीत काही जणांना तीन महिने तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं, तेव्हा मेंदूचा त्या कामाचा भाग वाढलेला दिसला. सराव थांबल्यावर ती वाढ ओसरू लागली. २००४ सालचा हा अभ्यास आहे. म्हणजे शिकलेलं वापरात राहिलं पाहिजे. आईसारखीला लिहायचे प्रसंग येतातच किती? गटाची वही, बँकेची स्लिप, मतदानाच्या वेळची सही. त्यातलीही एक जागा काउंटरवरचा माणूस काढून घेतो, तेव्हा तो तिचा नुसता अपमान करत नाही, तिचा सराव तोडतो. प्रत्येक शाखेत नवसाक्षरांची नमुना सही त्याच दिवशी, तिथल्या तिथे बदलून दिली पाहिजे. त्याला एक कागद आणि पाच मिनिटं लागतात.

आता तुमच्याबद्दल. आई हल्ली पुन्हा वाचते, तुमचाच पेपर वाचते. पण पुरवणीतला मजकूर गडद फोटोवर पांढऱ्या बारीक अक्षरांत असतो. कालचा लेखही तसाच होता, चष्मा लावूनही तिला दोन ओळींपुढे जाता आलं नाही. पांढऱ्या कागदावर काळा, ठसठशीत टाइप वापरा. आणि त्या लेखाची दुरुस्ती छापाल, तीही त्याच टाइपात छापा.

आपला,
एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)