महाराज खटल्याची खरी जागा

महोदय,

‘महाराज लायबल केस’चा, म्हणजे वैष्णव धर्मगुरू जदुनाथजी महाराजांनी समाजसुधारक पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्याचा, विषय निघाला की तो मुंबई उच्च न्यायालयाच्या आजच्या दगडी इमारतीत चालला, असे अनेकदा लिहिले व सांगितले जाते. तारखाच त्याविरुद्ध आहेत. या खटल्याची सुनावणी २५ जानेवारी १८६२ रोजी सुरू झाली आणि २२ एप्रिलला निकाल लागला. उच्च न्यायालयाचे उद्घाटन त्याच वर्षी १४ ऑगस्टला झाले. म्हणजे खटला ऐकला तो त्याआधीच्या, मुंबईतल्याच ब्रिटिशकालीन सुप्रीम कोर्टाने, न्या. सॉस आणि न्या. आर्नोल्ड यांनी. कर्नल फुलर यांची आजची इमारत तर १८७१ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पुरी झाली.

खरी जागा आहे फोर्टमधल्या नौदल गोदीच्या लायन गेटसमोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग. आधी गव्हर्नरांचे निवासस्थान, पुढे नौदल प्रमुखाचे ‘अॅडमिरल्टी हाऊस’ आणि १८०० च्या सुमारास रेकॉर्डर्स कोर्ट (कंपनीच्या काळातले मुंबईचे न्यायालय), असा तिचा प्रवास. रेकॉर्डर्स कोर्टाच्या जागी १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आले. नंतर उच्च न्यायालयाचीही पहिली सोळा-एक वर्षे येथेच गेली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराज खटल्यात वैद्यकीय साक्ष दिली, तीही याच वास्तूत. न्यायालय हलल्यावर १८८३ पासून तेथे हॉटेल चालले, आणि हॉटेलचेच नाव इमारतीला कायमचे चिकटले. कोर्टाची आठवण पुसली गेली ती त्यामुळे.

टिळकांचा १९०८ चा खटला मात्र आजच्या इमारतीतच चालला आणि तिथे त्याचा फलकही आहे. दोन्ही खटल्यांची सरमिसळ होण्याचे तेही एक कारण असावे.

ग्रेट वेस्टर्नपाशी मराठीत फलक लावावा, ही संबंधित यंत्रणांना विनंती. मजकूर चार ओळींचा पुरे: रेकॉर्डर्स कोर्ट, सुप्रीम कोर्ट, उच्च न्यायालय, आणि महाराज खटल्याच्या दोन तारखा. शक्यतो तो पदपथाच्या कडेला स्वतंत्र खांबावर असावा. भिंतीवरच लावायचा झाला तर लोखंडी खिळे नकोत. समुद्र जवळ असल्याने ते लवकर गंजतात, गंजून फुगतात आणि आजूबाजूचा दगड किंवा गिलावा फोडतात. स्टेनलेस स्टीलच्या पिना दगडात न ठोकता सांध्यांत बसवाव्यात आणि भोके सिमेंटने न बुजवता चुन्याने बुजवावीत. जुन्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट ती अडवते, मग क्षार साचून कडेचा गिलावा सुटतो. फलकामागे इंचभर पोकळी हवी, नाहीतर पावसाळ्यात पाणी तिथेच मुरत राहील.

आणि ‘ग्रेट वेस्टर्न’ या नावाखाली ‘जुने सुप्रीम कोर्ट’ हे शब्द ठळक असावेत.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई