ख्रिसमसच्या जेवणासाठी काकूंना मनापासून थँक्यू

प्रिय काकू,

फोनवर थँक्यू म्हटलं पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, आणि लग्न होऊन इकडे जर्मनीत आलेल्या इतर मुलींनाही उपयोग होईल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

२५ डिसेंबरला सासू-सासरे थ्युरिंगेनहून जेवायला येणार, नाशिकहून आई आलेली आणि ती पक्की शाकाहारी. मेन डिश ठरलेलीच, भाजलेला अख्खा हंस. टेन्शन होतं ते सोबत काय काय करायचं याचं, म्हणून तुमचा सल्ला घेतला. तुम्ही पहिलंच विचारलंत, ओव्हन एकच आहे ना गं? पाच किलोचा हंस चार तास तरी ओव्हन अडवून बसणार, म्हणजे बाकी सगळं शेगडीवर नाहीतर आधीच करून ठेवायचं. अर्धं प्लॅनिंग तिथेच झालं हो!

मग लाल कोबी, रोटकोल. तो २३ लाच शिजव म्हणालात, सफरचंद, कांदा, लवंग, तमालपत्र आणि व्हिनेगर सुरुवातीलाच, कारण आंबट नसेल तर तो निळा-जांभळा पडतो, आणि परत गरम केल्यावर तो अजून छान लागतो हे तर मी स्वतः चाखून बघितलं. इकडे बरेच जण तो हंसाच्या चरबीत करतात, तुम्ही आईचा विचार करून बटर सांगितलंत. हे मी कधीच विसरणार नाही.

क्ल्योस, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, हा सासऱ्यांचा जीव की प्राण. दोन भाग कच्चा बटाटा किसून कडकडीत पिळायचा, एक भाग शिजवलेला, पिळून निघालेल्या पाण्याच्या तळाशी बसलेला स्टार्च परत त्यातच घालायचा, गोळ्याच्या पोटात बटरमध्ये परतलेले पावाचे तुकडे, आणि पाणी खळखळा उकळू द्यायचं नाही नाहीतर गोळे फुटतात. पिळायचं काम आईनेच घेतलं, तिच्या हाताला जोर भारी! क्ल्योस सॉसशिवाय कोरडेच लागतात म्हणून तिच्यासाठी वेगळा मश्रूमचा सॉस, तोही तुम्हीच सुचवलात, त्यामुळे रोटकोल, क्ल्योस, चेस्टनट, सॉस असं तिचं ताट अगदी भरलेलं होतं, कोपऱ्यात बसून नुसतं सॅलड खातेय असं झालं नाही.

बटाट्याचं सॅलड मात्र तुम्ही यादीतून काढायला लावलंत, ते २४ च्या रात्री सॉसेजबरोबर होतंच, त्यापेक्षा अक्रोड घालून फेल्डसालाट, म्हणजे इकडच्या छोट्या हिरव्या पानांचं सॅलड, कर म्हणालात. बरोबरच, एवढ्या तुपकट मांसाबरोबर काहीतरी आंबट आणि ताजं लागतंच. आणि खरेदी २३ लाच उरक हे बजावलंत ते किती बरं झालं, २४ ला दुपारनंतर दुकानं बंद आणि पुढचे दोन्ही दिवस सुट्टी.

सासऱ्यांनी क्ल्योस दोनदा मागून घेतले आणि सासूबाईंनी आईला रोटकोलची रेसिपी विचारली, आईने सरळ तुमचं नाव सांगितलं.

संक्रांतीला गुळपोळ्या घेऊन येतेय, तुम्ही काही करत बसू नका.

तुमचीच