स्कूबा करून त्याच दिवशी विमानात बसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या दारव्हा भागात दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की पोरं गाडी करून मालवण-तारकर्लीला जातात, नवी जोडपी अंदमानला, अन् स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात खोल उतरणं, तर सगळ्यांनाच करायचा असतो. करावाच, पण परतीचं तिकीट काढताना एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय.

१० मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो, तिथं टाकीतली हवा घेताना नायट्रोजन रक्तात, सांध्यांत मुरत जातो, जितकं खोल अन् जितका वेळ तितका जास्त. म्हणून वेळ बांधलेली असते, एका प्रचलित तक्त्यात पहिल्या डाईव्हला (बुडीला) १८ मीटरवर ५६ मिनिटं, ३० मीटरवर फक्त २०, दुसऱ्या डाईव्हला त्याहून कमी. वर येतानाही मिनिटाला ९ मीटरच्या वर वेग नको अन् ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. घाई केली की त्याच नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे ठणकतात, मुंग्या येतात, कधी पाय लुळे पडतात.

नवख्या माणसाला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, त्यामुळं त्याचा धोका कमी. पण विमानात हवेचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच, म्हणजे जमिनीवरच्यापेक्षा कमी ठेवतात, अन् दाब कमी झाला की उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, म्हणून एका डाईव्हनंतर किमान १२ तास अन् जास्त डाईव्ह झाल्या असतील तर १८ तास विमान नको. टूरवाले मात्र सकाळी डाईव्ह, दुपारी फ्लाइट असं बिनधास्त बसवून देतात! मालवणहून गाडीनं येणाऱ्यांनाही आंबोली नाहीतर गगनबावड्यासारखा घाट चढावाच लागतो, तिथंही हवेचा दाब कमी होतो, खोल डाईव्ह केली असेल तर ती रात्र खालीच मुक्काम करा ना.

आमच्या गावचा एक पोरगा अंदमानात डाईव्ह करून त्याच दिवशी विमानानं परतला, रात्री खांदा धरला, बोटं बधिर. तालुक्याला दुखण्याचं इंजेक्शन मिळालं, लचक भरली म्हणे. नागपूरच्या डॉक्टरनं दोन दिवस कुठं होता विचारलं तेव्हा कुठं खरं कळलं अन् ऑक्सिजन लागला. यावर इलाज म्हणजे शुद्ध ऑक्सिजन अन् दाबाचा चेंबर, तो मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे, पण आपल्याहून तिथं पोचेपर्यंत किती वेळ जातो!

टूरवाल्यांनी डाईव्ह पहिल्याच दिवशी ठेवावी, शेवटच्या दिवशी नको. अन् पोरांनो, परत आल्यावर काही दुखलं तर डॉक्टरला आधी सांगा की पाण्याखाली गेलो होतो.

आपला,
एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ