लेण्यांच्या आभासी सफरीत रंग मूळचेच हवेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणीचे चित्र संगणकीय सफरीतून मोठ्या पडद्यावर दाखवण्याचा उपक्रम नुकताच आमच्या शहरात झाला. ज्यांना पायऱ्या चढणे झेपत नाही अशा ज्येष्ठांसाठी ही सोय फार मोलाची आहे. मात्र पडद्यावर दिसलेला पद्मपाणी भिंतीवरचा नव्हता. मुकुटाभोवती तेज फाकले होते, गेरूचे रंग भडक नारिंगी झाले होते आणि चौकटीच्या कडा काळवंडल्याने शेजारच्या आकृती जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या.

मी संगणक ग्राफिक्स शिकवतो, म्हणून यामागचे कारण मांडतो. अशा सफरीत प्रत्येक दृश्य आधी ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत पूर्ण रेखाटले जाते आणि पडद्यावर येण्यापूर्वी त्या तयार प्रतिमेवर आणखी प्रक्रिया होतात. यालाच पोस्ट-प्रोसेसिंग म्हणतात. मुकुटाभोवती तेज फाकवणाऱ्या ‘ब्लूम’ या प्रक्रियेत ठरावीक मर्यादेहून उजळ भाग वेगळे काढून, धूसर करून पुन्हा मूळ प्रतिमेत मिसळतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर फुल एचडी पडद्याच्या २०,७३,६०० पिक्सेलवर हे सारे सुमारे १६.७ मिलिसेकंदांत उरकावे लागते. आजच्या कार्डांना ते जड जात नाही, त्यामुळे गरज न पाहता हे परिणाम सरसकट चढवले जातात.

सगळेच परिणाम काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात उन्हातल्या प्रांगणातून अंधाऱ्या मंडपात शिरताना प्रकाशातला प्रचंड फरक पडद्याच्या आवाक्यात बसवण्यासाठी ‘टोन मॅपिंग’ लागतेच. खाचाखोचांत सावली भरणारे ‘अँबियंट ऑक्लूजन’ मात्र जपून वापरावे, कारण छायाचित्रांवरून केलेल्या लेण्याच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये खरी सावली बहुतेकदा आधीच उतरलेली असते आणि तिच्यावर दुसरी चढली की मूर्तीचा चेहरा काळपट दिसतो.

अजिंठ्याच्या चित्रांसाठी ब्लूम, कडा काळवंडवणारे ‘व्हिनेट’ आणि रंगांच्या छटा बदलणारे ‘कलर ग्रेडिंग’ बंदच असावे. टोन मॅपिंगनेही रंग बदलतात, म्हणून छायाचित्रणाच्या वेळी प्रमाणित रंगपट्टी समोर धरावी आणि पडद्यावरचे रंग तिच्याशी ताडून पाहावेत. ज्यांना झगमगाट हवाच असेल त्यांच्यासाठी वेगळे बटण द्यावे. ते चालू असताना तशी सूचना पडद्यावर ठळक दिसावी. शाळांच्या सहली सुरू होण्याआधी आयोजकांनी एवढे जरूर करावे. त्यासाठी मॉडेल नव्याने बनवावे लागत नाही, सेटिंगमधले मोजके आकडे बदलले की काम होते.

आपला,
एक संगणक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर